आधी वाचून दाखवा!

दिवाळी आणि सतर्कता सप्ताह हे दोन सण आमच्या जिल्ह्यात साधारण आगेमागेच येतात. सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात पडते तो आठवडा केंद्रीय दक्षता आयोगाने या कामासाठी राखून ठेवला आहे. त्या दिवसांत कार्यालयांच्या दारांवर फलक लागतात, कर्मचारी ओळीने उभे राहतात, उजवा हात पुढे करतात, आणि लाच घेणार नाही व देणार नाही अशी शपथ एका सुरात म्हणतात. फोटो निघतो, चहा होतो, आणि पुढे केलेले हात पुन्हा टेबलामागे जाऊन बसतात. टेबलाच्या अलीकडे जो उभा असतो त्याच्याकडून मात्र सरकारला वर्षभर एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे अंगठा. कागद कशाचा, त्यावर काय लिहिले आहे, रक्कम किती, हे त्याला कुणी सांगत नाही. विचारले तर उत्तर तेलुगूत येते, आणि तेही घाईत.

सरकारी योजनांत होणारी लबाडी रोखायची असेल तर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, असे आजकाल सगळीकडून ऐकू येते. हैदराबादेत त्यासाठी मर्री चेन्ना रेड्डी यांच्या नावाची संस्था आहे, राजेंद्रनगरला ग्रामीण विकासाची राष्ट्रीय संस्था आहे, पलीकडे पुण्यात यशदा आहे, आणि २०२० पासून दिल्लीने ‘मिशन कर्मयोगी’ या नावाने घरबसल्या शिक्षणाचीही सोय करून ठेवली आहे. प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. आयुष्यभर शिकवण्याचीच भाकरी खाल्लेल्या माणसाने शिकण्याला विरोध करावा हे शोभतही नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की या वर्गांत चोर कोणाला म्हणायचे ते शिकवतात का? कारण मी स्वतः ज्या ज्या वर्गांत बसलो तिथे एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली होती : चोर टेबलाच्या अलीकडे उभा असतो.

शिक्षक हा सरकारचा हक्काचा बिगारी. जनगणना असो, निवडणूक असो, पल्स पोलिओ असो, आधी मास्तरला धरायचे. तसा मी १९ ऑगस्ट २०१४ च्या समग्र कुटुंब सर्वेक्षणालाही होतो. वाचकांपैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. तेलंगण राज्य होऊन तीन महिनेही झाले नव्हते. एका दिवसात सगळ्या राज्यातली घरे मोजायची होती, आणि जवळजवळ चार लाख कर्मचारी त्यासाठी रस्त्यावर उतरवले होते. बाजार बंद, बसगाड्या बंद. बोगस रेशनकार्डे, बोगस पेन्शनी, बोगस घरकुले बाहेर काढायची, हा हेतू उघड बोलून दाखवलेला होता. पुण्या-मुंबईला, भिवंडीला कामाला गेलेली आमची पोरे आदल्या रात्री मिळेल त्या गाडीला लोंबकळत गावी आली, कारण हजर नसेल त्याचे नाव कटेल अशी आवई उठली होती.

आम्हांला त्याआधी काही तासांचा वर्ग मिळाला. फॉर्म तेलुगूत होता. मला वाचता येते. माझ्याबरोबरच्या दोघा मराठी शिक्षकांना अक्षर जुळवून वाचावे लागत होते. खोटे कसे ओळखायचे ते आम्हांला सांगितले : घरी फ्रीज आहे का पाहा, दुचाकी आहे का पाहा, एका घरात दोन चुली सांगत असतील तर दोन्ही पाहा, घरी हजर असेल त्यालाच धरा. लिहिलेले घरमालकाला वाचून दाखवा, असे कुणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. मला वाटून दिलेल्या वस्तीत एक म्हातारी होती. एकुलता मुलगा मजुरीला परजिल्ह्यात, तो आला नव्हता. सून माहेरी, बाळंतपणाला. मी नियमाप्रमाणे एकटी म्हातारी लिहिली, अंगठा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. दिवसभरात अशी बरीच घरे उरकायची होती. दोनेक वर्षांनी ती मला आठवडी बाजारात भेटली. तिचे रेशन बंद झाले होते. कशामुळे, ते तिला कुणी सांगितले नव्हते, कागद आला नव्हता. दुकानदाराने फक्त ‘यादीत नाव नाही’ म्हटले होते. ती मला म्हणाली, “गुरुजी, तुमीच लिवून नेलं होतं ना माह्या घरचं?”

माझ्या त्या फॉर्ममुळे तिचे कार्ड गेले की आणखी कशामुळे, हे मला आजही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि तीच तर तक्रार आहे. त्या वर्षांत तेलंगणात अशी लाखो कार्डे रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सुमारे १९ लाख रद्द कार्डांची घरोघर जाऊन फेरतपासणी करायला सांगितले. संगणकाने ठरवून दिलेल्या निकषांवर कार्डे कापली होती आणि ज्यांची कापली त्यांना नोटीससुद्धा दिली नव्हती, हा मुख्य आक्षेप होता. याच काळात राज्याने निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकमेकांशी जुळवून पाहणारी यंत्रणा उभी केली, तिचे नाव ‘समग्र वेदिका’. पुढे वार्ताहरांनी शोध घेतला तेव्हा हैदराबादच्या एका गरीब विधवेची हकीकत बाहेर आली. तिचा नवरा रिक्षा ओढणारा. यंत्राने त्याला मोटारीचा मालक ठरवले, कारण मिळत्याजुळत्या नावाचा एक मोटारवाला शहरात होता.

आता ही नावांची गोष्ट हैदराबादकरांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठी माणूस आधी स्वतःचे नाव सांगतो, मग बापाचे, मग आडनाव. तेलुगू माणूस आडनाव, त्याला ते ‘इंटिपेरु’ म्हणजे घराचे नाव म्हणतात, आधी लावतो, आणि पुष्कळदा नुसत्या एका अक्षराने भागवतो. समजा कुणी देवराव माणिकराव जाधव आहे. तो रेशनकार्डावर ‘जाधव देवरावु’ होतो, कारण तेलुगूत ‘राव’चा ‘रावु’ होतो. आधारवर तो देवराव माणिकराव जाधव असतो, कारण ते कार्ड त्याने किनवटला मामाकडे असताना काढले. बँकेच्या पुस्तकात बापाचे नाव गळते. मतदारयादीत ‘जे. देवराव’. सातबाराला ज्याला इकडे पहाणी म्हणतात तिथे बापाचेच नाव चालू. झाले! एका माणसाचे चार माणूस झाले, किंवा चार माणसांचा एक. यंत्राला यातले काही कळत नाही आणि यंत्राने दोष त्याला द्यावा असेही नाही. पण यंत्रापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याला हे कळायला हवे, आणि ते कळायला दोन तासांचा वर्ग पुरतो. आदिलाबाद, बेला, जैनथ, तलमडगू, तिकडे भैंसा-कुभीर-मुधोळ, जिथे जिथे मराठी घरे आहेत तिथल्या प्रत्येक संगणकचालकाला ‘मराठी नाव कसे असते’ एवढे एकच प्रकरण शिकवा. असा धडा असलेले पुस्तक मी तरी अजून पाहिलेले नाही. फ्रीज कसा शोधायचा ते मात्र पाठ आहे.

आणि दोन कार्डांचे म्हणाल तर केरामेरीच्या डोंगरावर जाऊन या. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही आणि आजूबाजूची मिळून कुणी १२ मोजतो, कुणी १४, अशी गावे आहेत की ज्यांवर तेलंगणही हक्क सांगते आणि महाराष्ट्रही. इकडे ती आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलात, तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात. मराठवाड्यातून पोटासाठी डोंगर चढलेली मराठी माणसे, लमाण आणि आदिवासी तिथे राहतात. दोन्ही सरकारांच्या शाळा आहेत, एकीत तेलुगू, दुसरीत मराठी. दोन सरपंच. दोन मतदारयाद्या. दोन रेशनकार्डे. दोन्हीकडची पेन्शन घेणारे म्हातारेही असतात. वर्तमानपत्रवाले दर निवडणुकीला तिथे जातात आणि ‘दोनदा मत देणारी गावे’ म्हणून फोटो छापतात. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने ही १४ गावे आपल्यात सामील करून घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. अशा घोषणा तिथल्या लोकांनी या आधीही ऐकल्या आहेत.

आता मला सांगा, लबाडी रोखण्याच्या वर्गात या गावच्या माणसाचे नाव कोणत्या रकान्यात टाकणार? पुस्तकाप्रमाणे तो पक्का बोगस. दोन कार्डे, दोन पेन्शनी, दोन मते. पण ती कार्डे त्याने छापली का? दोन सरकारांचे दोन कर्मचारी त्याच्या दारी आले, एकाने तेलुगूत लिहून घेतले, दुसऱ्याने मराठीत, आणि दोघांनीही आपला हक्क राखण्यासाठी त्याचे नाव टिपले. तो त्यांना हवा होता. एवढे करून ज्या कागदाची त्याला खरी गरज आहे, कसतो त्या जमिनीचा पट्टा, तो मागितला की जमीन वनखात्याची आहे असे उत्तर मिळते. आधारकार्डाची गाठ आता दोन्हीकडच्या रेशनला बसली आहे. उद्या एखाद्या यंत्राने दोन याद्या जुळवल्या तर दोन्हीकडून एकदम नाव कटायला वेळ लागणार नाही. तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहील असा कर्मचारी आपण कुठे शिकवून ठेवला आहे?

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही गरिबाचा कैवार घेता, म्हणजे खालचे लोक लबाडी करतच नाहीत काय? करतात. मेलेल्या बापाच्या नावची पेन्शन उचलणारा मला माहीत आहे, एकाच रस्त्यावर तीन मस्टरांत नाव लावणाराही माहीत आहे. पण ही चोरी मूठमूठ धान्याची असते, आणि तीही वरच्याच्या सहीवाचून होत नाही. पोत्यांची चोरी कागदावर होते. तेलंगणाने २०१७ मध्ये मेंढपाळ कुटुंबांना मेंढ्या वाटण्याची योजना काढली. महालेखापालांनी तिची तपासणी केली, अहवाल २०२४ मध्ये विधिमंडळापुढे आला, आणि त्यात काय निघाले? मेंढ्यांच्या वाहतुकीच्या बिलांवर ज्या गाड्यांचे क्रमांक होते त्यांत मोटारसायकली होत्या, ऑटो होत्या, आणि रुग्णवाहिकाही होत्या. लाचलुचपत खात्याने गुन्हा नोंदवला, पशुसंवर्धन खात्यातले अधिकारी अटकेत गेले. १९९६ चा बिहारचा चारा घोटाळा ज्यांना आठवतो त्यांना हे वाचून जुना मित्र भेटल्यासारखे झाले असेल. तिथे गुरे स्कूटरवर बसून गेली होती. आणि तो घोटाळा फुटला कसा? चाईबासाचे उपायुक्त अमित खरे यांनी त्या जानेवारीत कोषागारातून किती पैसा उचलला गेला आणि मंजूर किती होता हे पाहिले, आणि पशुपालन खात्याच्या कार्यालयावर धाड घातली. वजाबाकी करता आली की झाले. मेंढ्यांच्या बिलाचा गाडीक्रमांक ज्या कारकुनाच्या हाताखालून गेला त्यालाही वजाबाकी येत असणार. पण बिल अडवले तर आपले काय होईल, हा हिशेबही त्याला येत होता.

पलीकडच्या महाराष्ट्रातल्या आपल्या सोयऱ्यांनीही फार हसू नये. २०२४ मध्ये तिकडे लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपये सुरू झाले. निवडणूक होईपर्यंत कुणी काही पाहिले नाही. नंतर, २०२५ मध्ये, चाळणी लावली तर २ हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी स्त्रियाच लाभार्थी निघाल्या, आणि १४ हजारांहून अधिक पुरुष. ज्यांना लबाडी रोखायला शिकवायचे त्यांतल्याच काही जणी रांगेत उभ्या होत्या! यांना प्रशिक्षण कमी पडले असे कोण म्हणेल?

म्हणून मी ज्या प्रशिक्षणाबद्दल बोलणार आहे ते वेगळे आहे, आणि नवल म्हणजे ते आपल्याच राज्यात होऊन गेले आहे. २००६ मध्ये रोजगार हमीचा केंद्राचा कायदा देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आदिलाबाद होता. महाराष्ट्राला रोजगार हमी नवी नव्हती, वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती गावोगाव पोचली, १९७७ मध्ये कायदा झाला. खोट्या मस्टरांच्या गोष्टीही तिकडच्या सोयऱ्यांकडून आम्ही तेव्हापासून ऐकत आलो. नव्या कायद्यात मात्र कलम १७ घातलेले होते : कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेने करायचे. राजस्थानात अरुणा रॉय आणि त्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन सरकारी कागद गावात मोठ्याने वाचण्याची जी रीत पाडली, तिचे ते कायद्यातले रूप. इतर राज्यांनी ते कलम कपाटात ठेवले. आंध्र प्रदेशाने ते उचलले, २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र सोसायटीच काढली, आणि राज्य वेगळे झाल्यावर तेलंगणाची आपली सोसायटी झाली.

त्यांनी शिकवले कोणाला? मजुरांच्याच घरातल्या, शाळा शिकलेल्या पोरापोरींना. काही दिवसांचा वर्ग. मस्टर कसे वाचायचे, मापपुस्तकातला खड्डा आणि रानातला खड्डा टेपने कसा ताडायचा, जॉबकार्डावरचे दिवस आणि पोस्टातून निघालेले पैसे कसे जुळवायचे, माणसाचा जबाब कसा घ्यायचा. स्वतःच्या गावात पाठवायचे नाही, दुसऱ्या गावात पाठवायचे. मग घरोघर जाऊन विचारायचे : मावशी, कागदावर तुझे अमुक दिवस लागले आहेत, इतके रुपये दिले आहेत, खरे का? मावशी म्हणे, मी तर त्या महिन्यात सोयाबीन कापायला गेले होते. लिहून घ्या. शेवटी मंडलाच्या गावी मांडव घालून ‘प्रजावेदिका’ भरायची, अधिकारी समोर बसायचे, आणि एकेक गाव वाचले जायचे. मी अशा दोन पाहिल्या आहेत. पहिल्या रांगेतले साहेब सारखे घड्याळ पाहत होते. पण एक लंबाडा बाई उठून “हा अंगठा माझा नाही” म्हणाली तेव्हा मांडव चिडीचूप झाला. फील्ड असिस्टंटचा चेहरा मला अजून दिसतो. बिचारा कंत्राटी माणूस; त्याच्यावरच्या इंजिनियरचे नाव त्या दिवशी कुणी घेतले नाही.

याचे गोडवेच गायचे असे नाही. उघड झालेल्या रकमेतले फार थोडे वसूल झाले. शिक्षा झाली ती बहुतेक खालच्यांना. २०२० च्या मार्चमध्ये तर तेलंगणातले सात हजारांवर फील्ड असिस्टंट संप केला म्हणून एकदम काढून टाकले, ते २०२२ मध्ये परत आले. मधल्या काळात त्यांचे काम पंचायत सेक्रेटरींच्या डोक्यावर पडले. आणि आमच्या भागात एक उणीव पहिल्या दिवसापासून राहिली. ती पोरे तेलुगूत विचारत. गोंड म्हातारा मान हलवी, मराठी म्हातारी ‘हो हो’ म्हणे, आणि कागदावर ‘विचारले, बरोबर आहे’ असे लागे. भाषा न कळता हलवलेली मान म्हणजेही एक अंगठाच.

पुढे माणसांवरचा विश्वास उडाला आणि फोनवर बसला. २०२३ च्या जानेवारीपासून प्रत्येक कामावर मेटने मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून पाठवायचे, असा नियम आला. आता चोरी थांबणार! २०२५ च्या जुलैत केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना पत्र काढून कबूल केले की फोटोचेच फोटो काढून चढवले जात आहेत, कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवली जात आहेत, एकाच मजुराची छबी अनेक मस्टरांत येते आहे, मस्टरवर बाया आहेत तिथे फोटोत बाप्ये आहेत. उपाय काय सुचवला? पंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी सगळेच्या सगळे फोटो तपासावेत. म्हणजे फिरून पुन्हा माणसापाशीच आलो. तो कायदाही आता राहिला नाही. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी दुसरा आणला, १०० दिवसांचे १२५ केले. दिवस वाढले तर आनंदच आहे. मस्टर कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न नव्या कायद्याबरोबरही तसाच सोबत आला आहे.

इथे आपल्याच लोकांना आवडणार नाही असे थोडे लिहितो. आज आपण तेलुगू कागदापुढे अंगठा घेऊन उभे आहोत म्हणून हळहळतो. पण निजामाच्या काळात दरबारची भाषा उर्दू होती आणि गावचे दप्तर आपल्यासारख्यांच्या हातात होते. देशमुख, देशपांडे, पटवारी. गोंडाची जमीन त्याला कळायच्या आत दुसऱ्याच्या नावावर चढली ती कोणाच्या लेखणीने? सगळी मराठी लेखणी होती असे मी म्हणत नाही, पण त्यात आपला वाटा नव्हता असे म्हणायची छाती मला नाही. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला, आणि मगच निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक बिथरले का. ते शोधायला हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन विद्वान आला, मार्लवाईत झोपडी बांधून राहिला, आणि त्याने लिहून दिले की खालचा कर्मचारी आणि सावकार यांनी अडाणी माणसाला कागदावर नागवले आहे. त्याने सुचवलेला उपाय पाहा. १९४३ मध्ये मार्लवाईला केंद्र उघडले आणि गोंडांनाच शिक्षक म्हणून तयार केले. वाचनाची पुस्तके गोंडीत, लिपी देवनागरी, आपली. त्या भागात नंतर काम केलेले सेतुमाधवराव पगडी तर आपलेच. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण या जिल्ह्यात ते सरकारी अधिकारी होते, आणि त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. त्यांना कुणी सतर्कतेची शपथ दिली असेल असे वाटत नाही. समोरच्याचे ऐकायचे तर त्याची बोली यायला हवी, इतके त्यांना उमगले होते.

मग आता करायचे काय? माझे म्हणणे लहान आहे. ज्या मंडलांत मराठी आणि गोंडी घरे आहेत तिथे नेमणूक होणाऱ्या पंचायत सेक्रेटरीला, रेशनच्या कारकुनाला, अंगणवाडीच्या सुपरवायझरला पहिल्याच वर्षी कामापुरती ती भाषा शिकवा आणि परीक्षा घ्या. कुणाचे नाव यादीतून काढण्याआधी त्याच्या घरी जाऊन, त्याला कळेल अशा बोलीत, कारण वाचून दाखवा आणि त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवला असे कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहावे. एवढे लिहायचे झाले की निम्मे कागद आपोआप सरळ होतील. हे काही उपकाराचे मागणे नाही. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या जिथे शेकडा १५ च्या वर आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, हे राज्यपुनर्रचनेनंतर ठरलेले आहे. आपली तक्रार देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. ‘तेलुगूत अर्ज आणा’ म्हणून मला ज्या खिडकीवरून परत पाठवले, तिथल्या तरुणाला हे कलम माहीत नव्हते. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला शिकवलेच नव्हते.

‘मग तुम्ही तेलुगू शिका की!’ हे उत्तर तयार असते. शिकलो. आमची नातवंडे तेलुगू आणि इंग्रजी शाळांतच जातात, मराठी शाळांची पटसंख्या पाहिली तर डोळ्यांत पाणी येते, पण तो वेगळा विषय. सत्तर वर्षांच्या बाईने आता बाराखडी गिरवावी आणि तोवर उपाशी राहावे, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

आणखी एक धडा वर्गात हवा, आणि तो शिकवायला कोणी धजणार नाही : वरच्याने खोटी सही मागितली तर काय करायचे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी दिवसाढवळ्या जाळून मारले. रेशनच्या रॉकेलची चोरी रोखायला निघालेला माणूस होता तो. इतक्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाचे हे झाले, तर मंडलातल्या कंत्राटी पोराने कोणाच्या भरवशावर बिल अडवायचे? गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. तो लागू करण्याची तारीख अजून निघालेली नाही. शपथेच्या पत्रकात याबद्दल एक ओळ असती तर मी ते पत्रक जपून ठेवले असते.

ती म्हातारी अजून आहे. २०२५ मध्ये राज्याने पुन्हा नवी रेशनकार्डे द्यायला सुरुवात केली तेव्हा मुलाने अर्ज केला, आणि कार्ड आले. ते घेऊन ती माझ्याकडे आली. मी ओट्यावर बसून तिला वाचून दाखवले : आडनाव आधी, मग सुनेचे नाव, मुलाचे, दोन नातवंडांची, शेवटी तिचे. तिच्या नावाला तेलुगूचा उकार लागला होता आणि वय सहा-सात वर्षांनी कमी होते. तिने ते पुन्हा वाचायला लावले. मग कार्ड पदराला बांधत विचारले, “गुरुजी, आता परत कोनी लिवून न्यायला आलं त?” मी म्हटले, आला की त्याला बसवून ठेव आणि मला बोलाव.